पळी तळाला घाल

पोरी, काल संध्याकाळी जिमवरून आलीस ती सरळ ओट्याशी गेलीस. उभ्याउभ्याच कपभर चहा घेतलास आणि त्यात बुडवून बिस्किटाचा अख्खा पुडा संपवलास. मग भूक मेली म्हणून जेवण लांबवलंस आणि रात्री साडेदहाला अर्धी भाकर ठेच्याशी खाऊन झोपलीस. त्याच दिवशी खांद्यावर चाळीस किलोचा बार घेऊन बैठका मारल्याचं तूच आजीला सांगत होतीस. दिवसभर औताला जुंपलेल्या बैलापुढं रात्री नुसता कडबा टाकावा, पेंड दाखवूही नये, तसं झालं हे. मी तेव्हा बोललो नाही. आता लिहून देतो, पोलीस भरतीच्या तयारीला कुठं खोली करून राहिलीस तर तिथंही जवळ असू दे.

८०० मीटर तू धावशील, १०० मीटरचीही मला काळजी नाही. अडतोय तो चार किलोचा गोळा. त्यासाठी वजनं उचलायला लागलीस हे फार चांगलं केलंस. पण वजन उचलताना अंग वाढत नसतं. तेव्हा स्नायूंचे धागे ताणतात, बारीक बारीक उसवतात. ते सांधायचं काम पुढं दिवस-दीड दिवस चालू राहतं, आणि ते होतं खाल्लेल्या अन्नातून आणि झोपेतून. म्हणून जिममधला तास हा अर्धाच व्यायाम. उरलेला अर्धा आपल्या चुलीपाशी होतो.

हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही, माझ्या मायनं शिकवलं. मी तालमीत जायला लागलो तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होतो. दसरा झाला की माय आणि दादा कोयता घेऊन साखर कारखान्याकडं निघायचे, ते उन्हाळा तोंडावर आला की परत. आम्ही भावंडं आजीजवळ राहायचो. गाडी जुंपलेली असायची, भांडीकुंडी बांधून झालेली असायची, आणि माय चाकाजवळ उभी राहून आजीला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची, "आत्याबाई, ह्याला वाढताना पळी तळाला घाला." आमचं वरण म्हणजे पाणीच. मूठभर डाळ आणि भगुनंभर पाणी. डाळ तळाला बसायची आणि वर पिवळा रंग. तालमीतून घाम गाळून आलेल्या पोराला तो रंग पाजून चालणार नाही, हे माझ्या अक्षरओळख नसलेल्या मायला कळत होतं.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. पळी माझ्यासाठी तळाला जायची तेव्हा शेजारी माझी धाकटी बहीण बसलेली असायची. तिच्या ताटात वरचं पाणी यायचं. ती दिवसभर पाणी भरायची, सरपण आणायची, शेळ्या वळायची. काम तिचं माझ्यापेक्षा कमी नव्हतं. पाव किलो तुरीच्या डाळीत ५५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. सात माणसांत अगदी सारखी वाटली तरी वाट्याला आठ ग्रॅम येतात. आमच्या भगुन्यात पाव किलोही डाळ नसायची. मला तळातलं मिळालं ते तिच्या वाट्यातलं होतं. ती आज असती तर तुला वजन उचलताना पाहायला जिमच्या दारात येऊन बसली असती. म्हणून मायचा कानमंत्र मी तुला थोडा बदलून देतो. पळी तळाला घालच, पण आधी भगुन्यात डाळ दुप्पट टाक. परवापासून मी ती टाकायला सांगितलीच आहे.

आता हिशेब ऐक. रोज वजन उचलणाऱ्या माणसाला अंगाच्या दर किलोमागं दीड-पावणेदोन ग्रॅम प्रथिनं लागतात. तू ५० किलोची आहेस, म्हणजे दिवसाला ८० ग्रॅम धर. त्यातली वीसेक ग्रॅम व्यायामानंतरच्या खाण्यात यायला हवीत, बाकीची दिवसभरात तीन-चार वेळा विभागून. एकाच वेळी सगळी कोंबून उपयोग नाही.

वीस ग्रॅम म्हणजे किती? म्हशीच्या दुधाच्या मोठ्या ग्लासात दहा ग्रॅम येतात. एका अंड्यात सहा. ग्लासभर दूध आणि दोन उकडलेली अंडी, झाले वीसच्या वर. माळकऱ्याच्या घरचं लेकरू असेल तर दूध आणि मोठी मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम फुटाणे, तेवढंच भरतं. हरभरे सकाळी भिजत घालून संध्याकाळी उकडले, वर कांदा, लिंबू, मीठ टाकलं की त्यापेक्षा चवीचं काही नाही. अंडी मात्र कच्ची फोडून घशात ओतू नकोस. आमच्या वेळी तो पुरुषार्थ समजायचे. कच्च्या अंड्यातली निम्म्याच्या आसपासच प्रथिनं अंगी लागतात, शिजवलेल्यातली नव्वद टक्के.

बदामाचंही सांगतो, कारण तुझ्या मामानं परवा पाव किलो आणून दिलेत. तालमीत कुंडीत बदाम, खसखस, बडीशेप, मिरी घोटून थंडाई व्हायची. त्या घोटण्याचा आवाज माझ्या कानात अजून आहे. थंडाई चांगलीच. पण दहा बदामांत अडीच ग्रॅमच प्रथिनं असतात. तेवढ्याच वजनाच्या शेंगदाण्यांत त्याहून जास्त, आणि शेंगदाणे किती स्वस्त ते तू जाणतेस. मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा हा आपल्या डोंगराचा खुराक आहे. मूठभरच खा, कारण त्यांचं निम्मं वजन तेलाचं असतं आणि पोट लगेच भरतं. मग जेवण राहतं.

मला सगळ्यात जास्त दुःख सोयाबीनचं होतं. अख्खा मराठवाडा सोयाबीन पेरतो, पोत्यांनी आडतीवर नेऊन घालतो, आणि घरात एक दाणा शिजत नाही. डाळीत शेकडा बावीस ग्रॅम प्रथिनं, तर सोयाबीनमध्ये पस्तीसच्या पुढं. कच्चं खाऊ नये, त्यात पचनाला अडवणारं द्रव्य असतं, ते शिजवल्यावर मोडतं. किराणा दुकानात सोयाच्या वड्या मिळतात. चाळीस ग्रॅम कोरड्या वड्या गरम पाण्यात फुगवून, पिळून, येसराच्या आमटीत सोडल्या की एकट्या वीस ग्रॅमचं काम करतात. ज्या दिवशी दूध नासलं, अंडी संपली, त्या दिवशी हे कर.

आणि भाकर सोडू नकोस. जिममधल्या कुणीतरी तुला भाकर बंद करायला सांगितली, हे कानावर आलंय. वजन उचलताना स्नायूत साठवलेली साखर जळते, ती परत भरायला धान्यच लागतं. शिवाय ज्वारीच्या पिठातही शेकडा दहा ग्रॅम प्रथिनं आहेत. त्यांच्यात एक उणीव आहे, लायसिन नावाचा घटक कमी पडतो. तो डाळीत भरपूर असतो. म्हणजे भाकर आणि घट्ट वरण एकमेकांची उणीव भरून काढतात. थंडीत बाजरीची भाकर आणि हुलग्याचे शेंगोळे यांचंही तेच. हुलगा आपण बैलाला आणि घोड्याला चारत आलो, आणि पाहुणे आले की तो लपवतो. तो लपवायचा पदार्थ नाही. लसणाची फोडणी दिलेले शेंगोळे ताटभर खाऊन मी जत्रेतले फड मारले आहेत.

केव्हा खायचं, यावरून तुम्ही पोरं फार घाबरता. अर्ध्या तासात पोटात काही गेलं नाही तर मेहनत वाया गेली, असं काही नसतं. दुपारी नीट जेवून संध्याकाळी जिमला गेलीस तर आल्यावर तास-दोन तासांत जेव, पुरेसं आहे. पहाटे उपाशीपोटी मैदानावर गेलीस तर मात्र घरी येताच खा, आंघोळ नंतर. आणि ज्या दिवशी काहीच धड खाणं होणार नाही, त्या दिवशी जड वजन उचलू नकोस. ७२ च्या दुष्काळात आम्ही खडी फोडायला जायचो, सुकडी आणि मिलोच्या भाकरीवर दिवस काढायचो. तेव्हा वस्तादांनी तालमीला कुलूप लावलं होतं. "पोटात नाही तर घाम काढू नका," म्हणाले. आम्हाला राग आला होता. ते बरोबर होते.

पाण्याचं थोडक्यात. आपल्याकडं एप्रिल-मे कसा असतो ते तुला सांगायला नको. जिमला जाताना आणि आल्यावर वजन कर. जेवढे किलो कमी भरतील त्याच्या दीडपट लिटर पाणी हळूहळू, तास-दोन तासांत पोटात गेलं पाहिजे. त्यातला एक पेला मीठ घातलेल्या ताकाचा असू दे.

चहाबद्दल रागावू नकोस. चहा सोड म्हणत नाही, जेवणापासून तासभर लांब ठेव. तुला दर महिन्याला रक्त जातं, आणि आपल्याकडच्या कितीतरी बायकांच्या अंगात रक्त कमी असतं. पायऱ्या चढताना धाप लागते आणि त्या उन्हाला दोष देतात. बाजरी, हुलगे, पालेभाजी यांत लोह असतं, पण वर चहा ओतला की ते अंगाला फारसं लागत नाही. लिंबू पिळलं की जास्त लागतं. एकदा सरकारी दवाखान्यात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घे. ते कमी असेल तर कितीही खा, गोळा पुढं जाणार नाही.

डब्यांचं काय, तूच विचारलं होतंस. प्रथिनांची भुकटी विष नाही. बहुतेक वेळा दुधातूनच काढलेली असते. पण ज्या पैशात एक डबा येतो त्यात महिनाभराची अंडी आणि दूध येतं, आणि बाजारात नकली डबेही आहेत. पुढं कधी नोकरी लागली आणि जेवणाला वेळच मिळेना, तर पक्क्या पावतीनं, परवाना क्रमांक बघून घे. तोवर नको. आणि कुणी सुई दाखवली तर मागं न बघता घरी ये. शस्त्रक्रियेत रक्तदाब पडला तर डॉक्टर मेफेंटरमाइन देतात, तेच इंजेक्शन जिममध्ये जोर येण्यासाठी टोचून घेणारी पोरं आपल्या महाराष्ट्रात सापडली आहेत. हृदय धावतं त्यानं. या एका बाबतीत मी तुला विनवतो, पोरी.

तुला वाटेल, म्हातारा भाकर-वरणाच्या गोष्टी सांगतो, यानं कुठं पदकं येतात? आपल्या पाटोद्याच्या राहुल आवारेकडं बघ. वडील बाळासाहेब पैलवान, त्यांनीच त्याला मातीत उतरवलं. मग पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत हरिश्चंद्र बिराजदारांकडं, पुढं काका पवारांकडं. २०१८ च्या एप्रिलमध्ये गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं कॅनडाच्या ताकाहाशीला १५-७ नं हरवून सुवर्ण आणलं आणि ते हयात नसलेल्या बिराजदारांना वाहिलं. दुसऱ्या वर्षी नूर-सुलतानला जागतिक स्पर्धेत कांस्य. पुढं पोलीस खात्यात उपअधीक्षक झाला. वजनगट किती, तर ५७ आणि ६१ किलो. खुराक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं शंभर किलोचा पैलवान आणि शेरभर तूप येतं. खुराक आपापल्या वजनाचा असतो. मी तरुणपणी हे विसरलो. एका जत्रेच्या आधी थोराड पैलवानांचं बघून आठवडाभर वाटीवाटीनं तूप प्यालो. फडात उतरलो तेव्हा पोट बिघडलेलं होतं आणि पाय उचलत नव्हते. माझ्यापेक्षा हलक्या गड्यानं मला चीत केलं.

सांगलीच्या सरगरांच्या घराचंही ऐक. वडिलांची पानाची टपरी आणि चहाचा गाडा. २०२२ साली त्याच घरातल्या काजोलनं पंचकुल्याला खेलो इंडियात ४० किलो गटात वजन उचलून सुवर्ण आणलं, आणि त्याच वर्षी भाऊ संकेतनं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्य. सुवर्ण एका किलोनं हुकलं, कोपर दुखावलेलं असताना. त्या घरात मुलगीही वजन उचलते आणि मुलगाही, एवढंच मला तुझ्या बापाला दाखवायचं होतं. परवा दाखवलं.

रात्री झोपण्याआधी कपभर दूध घे आणि साडेदहाच्या आत अंथरुणावर पड. मोबाईल माझ्या उशाशी ठेवत जा.

आज हरभरे मी सकाळीच भिजत घातलेत. डाळ अर्धा किलो शिजतेय. तुझी आजी अजूनही सगळ्यांचं झाल्यावर भगुनं खरवडून जेवते. म्हातारपणी स्नायू झडत जातात, तिलाही तळातलंच हवं आहे. संध्याकाळी आलीस की तिला तुझ्या शेजारी पाटावर बसव. वाढायला मी बसतो.