विजेची शेगडी आणि भिंतीतील तार

स्मरणिकेत आमच्यासारख्या धान्याच्या व्यापाऱ्याने लिहावयाचे म्हणजे वाचकांस बाजारभाव, वाहतूक किंवा गोदामाचा विमा यांवरील लेखाची अपेक्षा असणार. या वर्षी आम्ही स्वयंपाकघरातील विजेच्या शेगडीविषयी लिहीत आहोत. हा विषय भगिनींचा आहे असे समजून कोणी बंधूंनी पान उलटू नये. शेगडी चालवितात भगिनी, हे खरे. पण तिच्यामागील तार कोणत्या जाडीची घालावयाची, त्यावर किती पैसे खर्चावयाचे, हे बहुतेक घरांत पुरुष ठरवितात. आमच्या घरीही ते आम्हीच ठरविले होते.

बेळगावातील आमचे घर जुन्या बांधणीचे. १९९४ साली त्यातील सारे वायरिंग आम्ही नव्याने करून घेतले. वायरमनने स्वयंपाकघरासाठी जाड तांब्याची स्वतंत्र तार सुचविली होती. दिवा, पंखा आणि मिक्सर यांपलीकडे तेथे काय चालावयाचे आहे, असे म्हणून आम्ही त्याला गप्प केले आणि साध्या तारेवर काम भागविले. अर्थिंगची तार त्या खोलीपर्यंत नेण्याचेही राहून गेले. बोर्डावर तीन छिद्रांचे सॉकेट बसले, परंतु तिसऱ्या छिद्रामागे काहीच जोडलेले नव्हते. भिंतीला रंग लागला आणि ही गोष्ट आम्ही विसरलो.

पुढे २०१९ साली दशलक्षण पर्वाच्या दिवसांत गॅसची टाकी संपली. घरात व्रती माणसे, पहाटेच पाणी तापवावयाचे. सूनबाईंनी माहेरून मिळालेली इंडक्शन शेगडी काढली. तिची पिन जाड, १६ अँपिअरची; बोर्डावरील सॉकेट मिक्सरचे, ६ अँपिअरचे. बाजारात मिळणारा जोड-प्लग मध्ये घालून आम्हीच ती पिन बसवून दिली. तीन दिवस काम उत्तम चालले. चौथ्या दिवशी पहाटे रबर जळाल्यासारखा वास आला. आम्ही म्हटले, रस्त्यावर कोणी कचरा पेटविला असेल. सूनबाईंनी मात्र बोर्डाकडे पाहिले. जोड-प्लग तपकिरी होऊन सॉकेटला चिकटला होता आणि त्यातून बारीक धूर निघत होता. त्यांनी प्लगला हात न लावता प्रथम मेन स्विच बंद केला. हे त्यांना सुचले नसते तर पुढे काय झाले असते याचा विचार आजही नकोसा वाटतो. बोर्डालगतच लाकडी फडताळ आणि त्यात तेलाचा डबा होता.

शेगडीला काही झाले नव्हते. ती आजही चालू आहे.

असे का झाले, हे वायरमनने आम्हांस समजावून दिले, तेव्हा लक्षात आले की हा हिशेब कोणाही व्यापाऱ्यास सहज कळण्याजोगा आहे. शेगडीवर २००० वॅट असे लिहिलेले असते. आपल्याकडे घरात येणारी वीज २३० व्होल्टची. दोन हजारांस दोनशे तिसांनी भागले म्हणजे सुमारे ८.७ अँपिअर इतका प्रवाह त्या शेगडीस लागतो. सॉकेटची ताकद होती ६ अँपिअरची. म्हणजे शंभर किलोच्या काट्यावर आम्ही रोज पहाटे एकशे पंचेचाळीस किलोचे पोते ठेवीत होतो. काटा पहिल्याच दिवशी मोडत नाही, म्हणून माणसाला वाटते की तो पेलतो आहे.

यात आणखी एक मेख आहे. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या प्रमाणात वाढत नाही, प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. इंग्रज शास्त्रज्ञ जूल याने हा नियम एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिला. प्रवाह दीडपट झाला की उष्णता सव्वादोनपट होते. त्यातही जेथे स्क्रू ढिला असतो, पिन सैल बसते किंवा जोड नीट नसतो, तेथे विजेला अडथळा अधिक होतो आणि तेवढ्याच ठिकाणी उष्णता साठते. म्हणून विजेच्या शेगडीच्या बाबतीत घात होतो तो बहुधा शेगडीत नव्हे, तर प्लग, सॉकेट आणि जोड यांत. जोड-प्लग आणि लांबवलेली एक्स्टेन्शनची वायर ही दोन्ही या कामासाठी सर्वथा वर्ज्य समजावीत. हात लावून पिन गरम लागली, तर काम तेथेच थांबवावे.

तेव्हा शेगडी विकत घेण्यापूर्वी भिंत पाहावी. मेन बोर्डापासून ओट्यापर्यंत शेगडीसाठी स्वतंत्र लाइन असावी. तार तांब्याची, कमीतकमी २.५ चौरस मिलिमीटर जाडीची, आणि शक्य तर ४ चौरस मिलिमीटरची. सॉकेट १६ अँपिअरचे, आयएसआय चिन्ह असलेले घ्यावे. त्याच लाइनवर फ्रिज, गीझर असे दुसरे काही जोडू नये. इन्व्हर्टरच्या लाइनवर तर शेगडी चुकूनही नसावी. घरात दोन शेगड्या आणि गीझर एकाच वेळी चालणार असतील, तर वीजकंपनीकडील आपला मंजूर भार किती आहे तेही पाहून घ्यावे व कमी असल्यास रीतसर अर्ज करून वाढवून घ्यावा.

अर्थिंगविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण आपल्या जुन्या घरांत सर्वाधिक हेळसांड याचीच होते. प्लगची वरची पिन इतर दोहोंपेक्षा जाड आणि लांब असते. ती प्रथम आत जावी आणि शेवटी बाहेर यावी अशीच योजना आहे. शेगडीच्या धातूच्या भागात काही कारणाने वीज उतरली, तर ती माणसाच्या अंगातून न जाता या वाटेने जमिनीत जाते. परसातील अर्थिंगच्या खड्ड्यात पाइप, कोळसा व मीठ असते; तेथील माती ओलसर राहिली तरच ही वाट मोकळी राहते. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे. प्लग नव्या बोर्डात बसत नाही म्हणून वरची पिन कापून टाकणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. ते स्वतःच्या घराचा दरवाजाच काढून ठेवतात असे म्हणावे लागेल.

याच संदर्भात दोन यंत्रांतील भेद ध्यानात ठेवावा. एमसीबी नावाची कळ प्रवाह फार वाढला म्हणजे पडते. ती तारेचे रक्षण करते. माणसाचे रक्षण करणारे उपकरण निराळे. त्यास आरसीसीबी म्हणतात. १६ अँपिअरची एमसीबी शाबूत असतानाही माणूस विजेच्या धक्क्याने दगावू शकतो, कारण त्याला मारण्यास त्याच्या पाचशेव्या भागाइतका प्रवाहही पुरे होतो. घरासाठी आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची घ्यावी. तिच्यावर परीक्षेचे एक बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून कळ पडते की नाही हे पाहावे. आपल्या भागात जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंती ओल धरतात आणि ही कळ वारंवार पडू लागते. तेव्हा ‘त्रास देते’ म्हणून ती काढून टाकणे म्हणजे भुंकतो म्हणून राखणदार कुत्र्याला हाकलून देणे होय. ओल कोठे आहे ते शोधावे.

आता शेगडीकडे येऊ. जुन्या काळची उघड्या तारेची शेगडी, जिच्या मातीच्या तबकडीत निक्रोमची वेटोळी लाल होतात, ती अजून काही घरांत माळ्यावर पडलेली असते. तिच्या तारेत वीज उघडीच असते. पळी किंवा पातेल्याचा काठ तिला लागला तर धक्का बसतो, दूध उतू गेले तरी बसतो. ती वापरूच नये, इतकेच आमचे सांगणे आहे. झाकलेल्या तबकडीची शेगडी यापेक्षा बरी. तिच्यावर पितळेचे, तांब्याचे, कोणतेही भांडे चालते. मात्र बंद केल्यावरही ती बराच वेळ तापलेली राहते. घरात रांगते मूल असेल तर हे विसरून चालणार नाही.

इंडक्शनची गोष्ट वेगळी. फॅरडेने १८३१ साली शोधलेल्या तत्त्वावर ती चालते. काचेखालील वेटोळ्यातील चुंबकीय क्षेत्र झपाट्याने उलटसुलट होते आणि भांड्याच्या बुडातच उष्णता उत्पन्न होते. म्हणून चुंबक ज्याला चिकटतो तेच भांडे तिच्यावर तापते. आपली कल्हईची पातेली, तांब्याचे हंडे तिला चालत नाहीत. भांडी घेताना खिशात लहान चुंबक ठेवावा. दुकानदाराच्या शब्दापेक्षा तो भरवशाचा. बूड सपाट असावे. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसविलेला आहे त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे, आणि चालू शेगडीपासून दोन फूट तरी दूर राहावे.

खर्चाचा प्रश्न सर्वच विचारतात. एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेण्यास इंडक्शनवर सुमारे एक दशांश युनिट लागते. ज्या घरात रोज दहा लिटर पाणी उकळून ठेवण्याची चाल आहे, तेथे त्यासाठी रोजचे एक युनिट किंवा थोडे अधिक धरावे आणि आपल्या बिलातील दराने गुणावे. मुनिमहाराजांच्या चौक्यात कोणती शेगडी चालावी, हा विषय त्यागी-व्रतींचा आहे. त्यात बोलण्याचा आमचा अधिकार नाही.

निगेबाबत मात्र आपल्या शास्त्रातील आदान-निक्षेपण समिती आम्हांस नेहमी आठवते. वस्तू उचलताना व ठेवताना आधी पाहावे, प्रमार्जन करावे, मग उचलावी वा ठेवावी. साधूंसाठी सांगितलेला हा नियम शेगडीपुढे उभ्या असलेल्या गृहस्थासही तंतोतंत लागू पडतो. भांडे ठेवण्यापूर्वी काचेवर मुंगी, झुरळाचे पिल्लू आहे का ते पाहावे. इंडक्शनच्या पोटात पंखा असतो आणि खाली हवेसाठी झरोके असतात. उबेमुळे व सांडलेल्या अन्नाच्या वासाने झुरळे तेथून आत शिरतात. ती आत मरतात आणि त्यांच्यामुळे आतील पट्टीवर शॉर्टसर्किटही होते. रोज रात्री ओटा कोरडा करून शेगडी पुसून ठेवली, तर जीवहिंसाही टळते आणि दुरुस्तीचा खर्चही.

पुसण्याआधी प्लग काढलेला आणि काच निवालेली असावी. मऊ ओले कापड पुरे. लोखंडी घासणी नको, आणि वरून पाणी ओतणे तर नकोच. शेगडी बंद केल्यावर पंखा थोडा वेळ फिरतो. तो थांबेपर्यंत सॉकेटचे बटण बंद करू नये. शेगडी भिंतीपासून चार-पाच बोटे पुढे असावी, तिच्याखाली प्लॅस्टिक किंवा वर्तमानपत्र नसावे. काचेला तडा गेला असेल, मग तो केसाएवढा का असेना, शेगडी तत्काळ बंद करावी. त्या भेगेतून उतू गेलेले दूध थेट विजेपर्यंत पोहोचते. ओल्या हाताने प्लग काढावयाचा नाही, वायर धरून ओढावयाचा नाही. हे सर्वांस ठाऊक असते आणि घाईत सर्वजण हेच करतात.

फोडणीविषयी सूनबाईंनी आवर्जून लिहावयास सांगितले आहे. इंडक्शनवर थोडे तेल फारच लवकर तापते. गॅसवर जेवढा वेळ मोहरी काढण्यास मिळतो तेवढा येथे मिळत नाही. मोहरी आधी हाताशी घेऊन मगच कढले ठेवावे. तेलाने पेट घेतलाच तर शेगडी बंद करून वर झाकण ठेवावे. पाणी कदापि ओतू नये. बोर्ड किंवा वायर पेटली तर आधी मेन बंद करावा. तेथेही पाणी चालत नाही. कोरड्या पावडरीचे अग्निशामक नळकांडे लागते. आपण गोदामात ते विम्याच्या अटीसाठी टांगतो, घरी एक टांगावयास हरकत नसावी. कोणास धक्का बसून तो चिकटून राहिला तर त्याला हाताने ओढू नये. मेन बंद करावा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला दूर लोटावे आणि लगेच १०८ वर किंवा ११२ वर फोन करावा. भाजल्यास वीस मिनिटे नळाच्या साध्या पाण्याखाली धरावे. हळद, शाई, टूथपेस्ट काही लावू नये.

आमच्या घरात त्या पर्वानंतर पंधरा दिवसांतच सारे वायरिंग बदलले. १९९४ साली वाचविलेल्या पैशांच्या कितीतरी पट पैसे लागले, भिंती फोडाव्या लागल्या त्या निराळ्याच. आता दरवर्षी मे महिन्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वी, वायरमन येऊन सॉकेटचे स्क्रू आवळतो आणि अर्थिंग मापून जातो. त्या वेळी माळा आवरताना वडिलांच्या काळातील उघड्या तारेची एक शेगडी हाती लागली. भंगारवाला तिचे साठ रुपये देत होता. देण्यापूर्वी आम्ही तिची वायर बुडापाशी कापून घेतली. तो म्हणाला, वायरीसकट असती तर शंभर मिळाले असते, चालू आहे म्हणून कोणीतरी नेली असती.