शांतीचा पहारा
शास्त्रपाठ : फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय ४, वचनें १ ते १८

आमच्या मंडळ्यांतून एक प्रश्न वारंवार पुढें येतो. मृग कोरडा गेला, आर्द्राहि कोरड्या चालल्या. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता डोक्यावर आहे. घरांत दुखणें आहे. शिकलेला मुलगा कामासाठीं वणवण फिरत आहे. अशा वेळीं विश्वासी मनुष्य रात्रभर तळमळतो, आणि सकाळीं शेजारचा बंधु त्यास म्हणतो, "तुझा विश्वास कमी पडला." मूळचें दुःख होतेंच, त्यावर आतां दोषाचें दुसरें ओझें चढलें. प्रभूच्या लोकांस शांतीचें वचन दिलेलें आहे, हें आम्ही सर्व मानतों. मग ती शांति गेली कोठें?

या प्रश्नास साधारणपणें दोन उत्तरें मिळतात. एक असें कीं, संकट टळलें म्हणजे शांति येईल. दुसरें असें कीं, शांति ही एक भावना आहे व ती भजनांत, उपासनेंत अनुभवास येते. पहिलें उत्तर खरें धरिलें तर आमची शांति पावसाच्या आणि सावकाराच्या हातीं गेली. दुसरें खरें धरिलें तर ती मंदिराच्या उंबरठ्यापर्यंतच आमची सोबत करील. पौलानें फिलिप्पै येथील मंडळीस लिहितांना निराळीच वाट दाखविली आहे. ती आपण क्रमानें पाहूं. वाचकांनीं आपलें शास्त्र उघडून समोर ठेवावें, अशी आमची विनंति आहे.

१. नगर व पत्र

फिलिप्पै हें मासेदोनियांतील नगर. इसवी सनापूर्वी ४२ सालीं या नगराबाहेर रोमी लोकांच्या दोन पक्षांत मोठी लढाई झाली. अंतोनी व ऑक्टेव्हियन यांनीं ब्रूटस व कॅशियस यांचा पराभव केला, आणि त्यानंतर निवृत्त शिपायांस जमिनी देऊन तेथें वसविण्यांत आलें. हल्लींच्या ग्रीस देशांत क्रिनिदेस नांवाच्या गांवाजवळ या नगराचे अवशेष अजून पाहावयास मिळतात. शिपाई, पहारा, छावणी हे शब्द या गांवच्या रोजच्या बोलण्यांतले होते, हें ध्यानांत ठेवावें.

पौल इसवी सन ५० च्या सुमारास तेथें गेला. प्रेषितांचीं कृत्यें या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायांत ती हकीकत आहे. नदीकांठीं लुदिया नांवाच्या व्यापारी स्त्रीचें अंतःकरण प्रभूनें उघडलें. पुढें पौल व सीला यांस फटके मारून तुरुंगांत टाकण्यांत आलें व त्यांचे पाय खोड्यांत अडकविण्यांत आले. मध्यरात्रीं ते दोघे देवाचें स्तवन करीत होते व इतर बंदिवान ऐकत होते. म्हणजे त्या नगरांतील लोकांनीं ख्रिस्ती शांतीचा स्वर ऐकिला तो खोड्यांत पाय असलेल्या मनुष्यांच्या तोंडून.

आपल्यापुढील पत्रहि बंदिवासांतूनच लिहिलेलें आहे. जुने भाष्यकार तो बंदिवास रोम येथील मानतात. कित्येक अर्वाचीन अभ्यासक इफिस किंवा कैसरिया सुचवितात. स्थळ कोणतेंहि असो, पौलाच्या हातांत बेड्या होत्या आणि निकाल जगण्याचा लागेल कीं मरणाचा, हें त्यास ठाऊक नव्हतें. तेव्हां शांतीविषयींचा हा उपदेश कोणा सुखवस्तु मनुष्यानें दुःखितास केलेला नाहीं.

२. काळजी घेणें व काळजी करणें

चौथ्या अध्यायाच्या ६ व्या वचनांत पौल सांगतो कीं, कोणत्याहि गोष्टीची काळजी करूं नये. येथें मूळ ग्रीक भाषेंत जें क्रियापद आहे, तेंच त्यानें याच पत्रांत दुसऱ्या अध्यायाच्या २० व्या वचनांत तीमथ्याविषयीं योजिलें आहे. आणि तेथें तर ती स्तुति आहे! तीमथ्यासारखी तुमची मनापासून काळजी वाहणारा दुसरा कोणी माझ्याजवळ नाहीं, असा त्याचा आशय. एकच शब्द एके ठिकाणीं गुण आणि दुसऱ्या ठिकाणीं निषिद्ध कसा?

आमच्या मराठीनें हें कोडें सहज सोडविलें आहे. आपण काळजी "घेतों" आणि काळजी "करतों". शब्द एक, पण गोष्टी दोन. पाऊस येण्यापूर्वीं जो फुटका बांध घालतो तो शेताची काळजी घेतो. जो बांध तसाच टाकून रात्रभर ढगांचा हिशेब मांडतो तो काळजी करतो. घेणाऱ्याचा हात चालतो. करणाऱ्याचें केवळ मन फिरतें, आणि घाण्याच्या बैलाप्रमाणें कितीहि चाललें तरी तेथेंच राहतें.

म्हणून ज्याच्या घरीं दुखणें आहे त्याचें मन व्याकुळ झालें तर त्यास अविश्वासी म्हणूं नये. एपफ्रदीत मरणाच्या दाराशीं गेला होता, तेव्हां पौलालाहि दुःख झालें, आणि तो बरा झाला नसता तर आपणावर दुःखामागून दुःख आलें असतें, असें त्यानें मोकळेपणें लिहिलें. प्रेम करणाऱ्यास दुःख होणारच. त्या दुःखाला मन एकट्यानें उगाळीत बसूं देऊं नये, एवढेंच पौल सांगत आहे.

३. पहिली पायरी : समेट

अध्यायाच्या पहिल्या वचनांत पौल प्रभूमध्यें स्थिर राहा असें सांगतो. स्थैर्याविषयीं पुढें कांहीं खोल तत्त्वज्ञान येईल, अशी आपली अपेक्षा असते. पण लगेच पुढच्या वचनांत येते ती दोन बायांच्या भांडणाची गोष्ट! युवदिया व सुंतुखे या दोघी सुवार्तेच्या कामांत कष्ट केलेल्या, पण त्यांचें एकमत नव्हतें. भांडण कशाचें हें पौल सांगत नाहीं. चूक कोणाची हेंहि सांगत नाहीं. तो दोघींस वेगवेगळी, सारखीच विनंति करितो, आणि त्यांस साहाय्य करण्यास आपल्या एका सोबत्यास सांगतो.

हा क्रम आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. बांधाच्या वादानें भाऊ भावाशीं बोलत नाहीं. लग्नाच्या आमंत्रणांत मान राहिला नाहीं म्हणून दोन घरें मंदिरांत तोंड फिरवून बसतात. आणि दोन्हीं घरीं रात्रीं शांतीसाठीं प्रार्थना चालते. अशी प्रार्थना म्हणजे एका हातानें दिवा लावून दुसऱ्या हातानें झांकण्यासारखें आहे. ज्यांच्या घरांत मन अस्वस्थ आहे, त्यांनीं प्रथम पाहावें कीं, कोणाचें दार आपण टाळतों. आणि पंचांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, पौलानें त्या सोबत्यास निवाडा करण्यास सांगितलें नाहीं. हात देण्यास सांगितलें.

४. दुसरी पायरी : आभारासह मागणें

काळजी करूं नका एवढेंच सांगून पौल थांबत नाहीं. रिकामें मन पुन्हां काळजीनेंच भरतें, हें त्यास ठाऊक होतें. म्हणून जी गोष्ट मनांत घोळते तीच नांव घेऊन देवापुढें मांडावी, आणि ती आभारासह मांडावी, असें तो सुचवितो. हप्त्याची रक्कम, मुलाचें नांव, दुखण्याचा प्रकार, हें सर्व सांगावें. देवास मोघम अर्ज नको आहे. आणि आभार कशासाठीं? संकटासाठीं नव्हे; तर मागें जें मिळालें त्याचें स्मरण राहावें म्हणून. काळजी ही पुढच्याच वर्षाकडे पाहते. आभार मानणारा मागच्या वर्षांकडेहि पाहतो, आणि त्या वर्षांतूनहि आपण तरलों हें त्यास आठवतें.

५. पहारा

अशी प्रार्थना केल्यावर संकट टळेल, असें ७ व्या वचनांत कोठेंहि म्हटलेलें नाहीं. अभिवचन आहे तें असें कीं, बुद्धीच्या पलीकडील देवाची शांति अंतःकरणें व विचार राखील. "राखणें" यासाठीं मूळ भाषेंत जो शब्द आहे तो शिपायांनीं नगरावर पहारा ठेवण्याचा. दिमिष्क नगरांत पौलास पकडण्यासाठीं पहारा बसविला होता, तेथेंहि करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत त्यानें हाच शब्द घातला आहे. शिपायांच्या वस्तींतील वाचकांस हें चित्र तत्काळ समजलें असेल. शिवाय कांहीं रोमी शिपाई लिहिणाऱ्यावरहि पहारा करीत असतील. पण त्याच्या मनावर पहारा दुसऱ्याच कोणाचा होता.

पहारा असलेल्या गांवाबाहेर शत्रु नसतो असें नाहीं. शत्रु असतो म्हणूनच पहारा लागतो. तेव्हां दुःख वेशीशीं आलें म्हणून पहारा उठला, असें समजूं नये. तें वेशीच्या आंत येऊन गादीवर बसत नाहीं, हेंच पहाऱ्याचें काम.

पण वेशीतून आंत काय घ्यावें हें गांवकऱ्यांच्याहि हातीं असतें. म्हणून ८ व्या व ९ व्या वचनांत पौल सत्य, न्याय्य, शुद्ध, श्रवणीय अशा गोष्टींचें मनन करण्यास, आणि जें शिकलां तें आचरण्यास सांगतो. चावडीवरची निंदा आणि फोनवर येणाऱ्या बऱ्यावाईट बातम्या निजेपर्यंत मनांत भरून घ्याव्या व मग झोंप येत नाहीं म्हणावें, हें शहाणपण नव्हे.

६. शिकलेली शांति

अकराव्या वचनांत पौल म्हणतो कीं, आहे त्या स्थितींत तृप्त राहण्यास मी शिकलों आहें. "शिकलों" हा शब्द विसरूं नये. ही शांति त्यास एका दिवसांत मिळाली नाहीं. विपुलता व उणीव या दोन्ही शाळांत तो बसला. त्या काळचे स्तोइक पंडित तृप्तीसाठीं याच शब्दाचा उपयोग करीत. पण त्यांचा अर्थ स्वतःच्याच बळानें पुरें पडणें असा होता. पौलानें शब्द त्यांचाच घेतला व १३ व्या वचनांत बळाचें मूळ मात्र ख्रिस्तांत दाखविलें.

आमच्याच भाषेंतील एक साक्ष येथें देतों. पंडिता रमाबाईंचे मातापिता व वडील बहीण दुष्काळाच्या काळांत गेलीं. १८८० सालीं भाऊ व १८८२ सालीं पति गेले. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तरी मनाची खरी शांति आपणांस त्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं लाभली, असें त्यांनीं १९०७ सालच्या आपल्या साक्षींत सांगितलें आहे. धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त स्वतः मिळावयाचा होता, असा त्याचा भावार्थ. या शांतीनें त्यांस स्वस्थ बसविलें नाहीं; १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं शेंकडों मुलींस आश्रय दिला, व केडगांवचें मुक्तिसदन उभें राहिलें. १९२१ सालीं त्यांची एकुलती कन्या मनोरमा वारली. आईचें काम थांबलें नाहीं. १९२२ सालीं देह ठेवण्यापूर्वीं शास्त्राचें मराठी भाषांतर त्यांनीं पुरें केलें. जिला आठ वर्षें वाट पाहावी लागली तिच्या उदाहरणानें, आज ज्यांचें मन अजून स्थिर नाहीं त्यांनीं धीर धरावा.

मळणीयंत्रें येण्यापूर्वीं आपल्या खळ्यांत मध्यभागीं तिवडा रोवीत. बैल सारा दिवस त्याभोंवतीं फिरत, धुरोळा उडे, कणसें तुडविलीं जात. तिवडा मात्र हलत नसे, आणि त्याच्याच आधारानें दाणा मोकळा होई. फिरणें बंद झालें म्हणजे स्थैर्य, असें नव्हे. दावें कोणत्या खुंटास बांधलें आहे, हा खरा प्रश्न आहे.

शेवटीं एक गोष्ट मंडळीसाठीं. आपण तृप्त आहों असें लिहिणाऱ्या पौलानें, एपफ्रदीताच्या हातीं आलेली देणगी घेतली, आणि माझ्या संकटांत तुम्ही वांटेकरी झालां हें चांगलें केलें, अशा अर्थाचें आभारहि मानले. शांति असलेल्यास मदत नको असते असें नाहीं. म्हणून ज्याची रात्र तळमळींत जाते, त्यानें पाळकास, वडील बंधूस सांगण्यास लाजूं नये, व गरज असेल तर डॉक्टरांकडे जाण्यास संकोच करूं नये. आणि ज्याला तो सांगेल त्यानें "तुझा विश्वास कमी" म्हणण्यापूर्वीं त्याच्या घरीं दाणा आहे कीं नाहीं, हें पाहावें. देव पुष्कळदां आपला पहारा मनुष्यांच्या पायांनीं पाठवितो.

मननासाठीं प्रश्न

१. माझ्या मनांतील कोणत्या गोष्टीची मी काळजी घेतों, आणि कोणत्या गोष्टीची केवळ काळजी करतों?

२. या आठवड्यांत मीं कोणाच्या दारीं समेटासाठीं गेलें पाहिजे?

३. आमच्या मंडळींत आज कोणाचें घर दुःखांत एकटें आहे, आणि तेथें प्रथम कोण जाईल?