दोन राग वेगळे कर

चि. बाळास,


तुझं पत्र वाचलं. सतरंज्या आम्ही उचलायच्या आणि निर्णय वॉररूममधल्या पगारी पोरांनी घ्यायचे, हे तुझं म्हणणं खोटं नाही. पण त्यात दोन राग मिसळलेत. सभेत तुला व्यासपीठावर बोलावलं नाही, हा एक. वस्तीतले लोक पाण्याचं बोलत होते, ते तू वर कळवलंस आणि तरी पत्रकात भलतंच छापून आलं, हा दुसरा. पहिला गिळून टाक. दुसरा मात्र सोडू नकोस.

हे तुझ्याच पक्षात घडलं असंही नाही. २००४ ची लोकसभा बघ. तेव्हा तू पाळण्यात होतास. डिसेंबर २००३ मध्ये राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड जिंकल्यावर भाजपच्या नेत्यांना धीर धरवेना, त्यांनी निवडणूक मुदतीच्या काही महिने आधीच घेतली. 'इंडिया शायनिंग' ही खरं तर सरकारी जाहिरात, पण प्रचाराचा सूर तोच झाला. सूत्रं प्रमोद महाजनांकडे, म्हणजे आपल्या अंबाजोगाईच्या, संघटनेतून वर आलेल्या माणसाकडे. लोकांचे फोन वाजायचे, उचलला की थेट वाजपेयींचा आवाज! अप्रूप वाटायचं. पण आवाज ध्वनिमुद्रित. शेतकऱ्यानं विजेचं, कर्जाचं काही सांगावं तर पलीकडे ऐकायला कोणी नाही. ते ऐकणं हेच तर कार्यकर्त्याचं काम.

१३ मेला निकाल लागला. भाजप १८२ वरून १३८ वर आला, काँग्रेस १४५. महाजनांनी पराभवाची जबाबदारी उघडपणे घेतली, ते मला आवडलं होतं. तरी सगळं खापर जाहिरातीवर फोडणंही सोयीचंच. तमिळनाडूत आणि आंध्रात मित्रपक्ष पार झोपले, त्याचाही हिशेब धरायला हवा. आणि महाराष्ट्रात, त्याच जाहिराती चालू असताना, भाजपच्याच युतीनं ४८ पैकी २५ जागा जिंकल्या होत्या.

म्हणून म्हणतो, आधी तुमच्या निवडणुकीच्या निकालाचा फॉर्म २० मिळव. त्यात मतदान केंद्रनिहाय मतं असतात. घरोघरी फिरताना वहीत जे टिपलंस ते त्याच्याशेजारी ठेव. जिथे पाण्याची ओरड होती तिथेच मतं घटली का? कदाचित तुझाच अंदाज चुकलेला निघेल, तोही बघायची तयारी ठेव. मग ते कागद घेऊन तालुक्याच्या बैठकीत उभा राहा. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर टोमणे मारून नेत्यांना काही कळत नाही, फक्त तुझं नाव कळतं.

पक्ष सोडायचा की नाही, ते बैठकीनंतर ठरव. कागद न बघताच 'पुढच्या वेळी बघू' म्हणाले, तर मी तुला अडवणार नाही.

ताई सांगत होती, प्रचारातले पेट्रोलचे पैसे अजून मिळाले नाहीत म्हणून. ते आधी माग, लाजू नकोस.

तुझा,
मामा