सिल्व्हिया आणि तिचे दोन सोबती

मंगळ आणि गुरु यांच्या कक्षांच्या दरम्यान असंख्य लघुग्रहांचा एक पट्टा आहे, हें आपण भूगोलांत शिकतों. परंतु त्यांपैकीं कांहींचा शोध आपल्याच देशांत लागला, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. ता. १६ मे १८६६ रोजीं मद्रासच्या वेधशाळेंत नॉर्मन पॉगसन या ज्योतिर्विदास असाच एक अंधुक ठिपका दिसला. तोच ८७ व्या क्रमांकाचा लघुग्रह सिल्व्हिया होय.

सिल्व्हिया पट्ट्याच्या बाहेरच्या कडेस, सूर्यापासून सरासरी ५२ कोटि किलोमीटरांवर आहे. तिच्या एका प्रदक्षिणेस सुमारें साडेसहा वर्षें लागतात. तिचा सरासरी व्यास सुमारें २७० किलोमीटर आहे. तथापि ती कोळशासारखी काळी असून, अंगावर पडलेल्या प्रकाशापैकीं शेंकडा चार-पांच भागच परत फेंकते. म्हणून दुर्बिणीवांचून ती दिसत नाहीं.

आतां अशा दूरच्या काळ्या गोळ्याच्या पोटांत काय आहे, हें कसें जाणावें? त्यास कोणत्या तराजूंत घालावें? हा तराजू सिल्व्हियाजवळच सांपडला. इ. स. २००१ मध्यें हवाई बेटावरील केक दुर्बिणीनें तिचा एक उपग्रह आढळला, आणि २००४ मध्यें चिली देशांतील मोठ्या दुर्बिणीनें घेतलेल्या चित्रांत दुसरा. दोन उपग्रह असलेला लघुग्रह प्रथमच आढळला. रोमन पुराणकथेंतील सिल्व्हियेच्या जुळ्या पुत्रांवरून त्यांस रोम्युलस व रेमस हीं नांवें दिलीं.

रोम्युलस सुमारें १३६० किलोमीटरांवरून ३ दिवस १६ तासांत एक फेरी करितो. अंतर व काल हे दोन आंकडे हातीं आले, कीं न्यूटनच्या नियमानें मधल्या गोळ्याचें वस्तुमान काढतां येतें. त्यास आकारमानानें भागलें असतां सिल्व्हियेचें विशिष्ट गुरुत्व दीडाहूनही कमी भरतें. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड असतो! तेव्हां सिल्व्हिया एकसंध खडक नव्हे. तिच्या पोटांत पुष्कळ पोकळी तरी असावी, बर्फ तरी असावें, किंवा दोन्हीही असावींत.

विद्यार्थ्यांनीं यांतून एवढें ध्यानांत घ्यावें, कीं जेथें हात पोंचत नाहीं तेथेंही अचूक मोजणी पोंचते. मद्रासला दिसलेल्या ठिपक्याचें वजन करण्यास मानवास १३५ हून अधिक वर्षें लागलीं. परंतु ज्या नियमानें तें झालें, तो आपल्या शाळेच्या पुस्तकांतलाच आहे.