पऱ्हाटीचा पांढरा कोळसा आणि गावातील रोजगार

चंद्रपूर, नागपूर व यवतमाळ जिल्ह्यांत कापूस आणि कोळसा शेजारी शेजारी आहेत. घरातील एक भाऊ शेती पाहतो आणि दुसरा खाणीत, कोळशाच्या ट्रकवर किंवा औष्णिक विद्युत केंद्रात कंत्राटी कामाला जातो, असे अनेक गावांत दिसते. २०७० पर्यंत कर्बवायूचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट भारताने २०२१ मध्ये जाहीर केले. कोळशावरील काम पुढे कमी होत जाईल, आणि पहिली झळ कंत्राटी कामगारालाच बसेल. त्यामुळे दुसरे काम आतापासूनच शिकून घेणे आवश्यक आहे.

असे एक काम आपल्या धुऱ्यावरच जळून जाते. गुलाबी बोंडअळीच्या बंदोबस्तासाठी पऱ्हाटी वेळेवर उपटणे योग्यच आहे. परंतु ती जाळू नये. तिचे बारीक तुकडे करून, वाळवून यंत्रात दाबल्यास ठोकळे (पांढरा कोळसा) किंवा लहान कांड्या तयार होतात. दाब व उष्णतेने पऱ्हाटीतील लिग्निन मऊ होऊन चिकटते, वेगळा डिंक लागत नाही. ठोकळे कारखान्यांच्या बॉयलरमध्ये, तर कांड्या औष्णिक केंद्रात कोळशाबरोबर जाळतात. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या धोरणात औष्णिक केंद्रांसाठी असे ५ टक्के जैवइंधन ठरविले गेले.

तुकड्यांतील ओलावा १० टक्क्यांच्या आसपास असावा. तो जास्त असल्यास आत वाफ होऊन ठोकळा फुटतो. मुळांना माती राहिल्यास साचा लवकर झिजतो. साचा बदलणे, वेल्डिंग, पट्टा व मोटारीची दुरुस्ती ही कामे कोळसा हाताळणाऱ्या फिटरला येतातच. त्याला ओलावा तपासणे व गंजी रचणे तेवढे शिकवावे लागेल. पऱ्हाटी उपटतात मात्र बहुधा स्त्रिया, आणि प्रशिक्षणाच्या यादीत त्यांची नावे क्वचितच असतात! माती झटकण्याचे महत्त्व त्यांनाच प्रथम सांगावयास हवे. म्हणून हे प्रशिक्षण शहरातील वर्गात न देता हंगामात, यंत्रापाशीच द्यावे.

खाणीतील सर्वांना यात काम मिळेल असे समजू नये. काम हंगामी आहे. तुऱ्हाटी घेतल्यास ते थोडे लांबते. सुटी पऱ्हाटी जागा फार अडविते, म्हणून तुकडे शेताजवळच करावेत, अन्यथा भाड्यातच पैसा जातो. पऱ्हाटी देण्यापूर्वी दर ओल्या वजनावर की वाळल्या वजनावर, हे लिहून घ्यावे.