गाडी हवेत पळते, जमिनीवर अडते

नवशिक्याचा रोबोट अडला की तो आधी प्रोग्राम उघडून बसतो. अनुभवाने सांगते, आधी बॅटरी तपासा.

छंद म्हणून रोबोटिक्सकडे वळले तेव्हा मीही सगळे घेतात तसंच किट घेतलं. आर्डुइनो उनो बोर्ड, दोन पिवळ्या बीओ मोटर्स, एल२९८एन मोटर ड्रायव्हर, अडथळा ओळखणारा एचसी-एसआर०४ सेन्सर आणि 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी. जोडणी चित्राबरहुकूम झाली. गाडी हातात उचलून धरली की चाकं गरगर फिरायची. फरशीवर ठेवली की वीतभर सरकून थांबायची, मग पुन्हा एक हिसका. प्रोग्राम बदलून बदलून थकले, फरक शून्य. मग लक्ष गेलं बोर्डावरच्या ‘एल’ अक्षराजवळच्या बारीक दिव्याकडे. गाडी अडली की तो लुकलुकायचा. म्हणजे बोर्ड दर वेळी बंद पडून नव्याने सुरू होत होता. बॅटरीला मल्टिमीटर लावला. गाडी उभी असताना आकडा 9 च्या आसपास. चाकं जमिनीला टेकून मोटर्स जोर लावू लागल्या की धाडकन 5 च्या खाली!

कारण अगदी सरळ आहे. या बॅटरीत दीड-दीड व्होल्टचे 6 चिमुकले सेल असतात. मल्टिमीटरसारख्या अल्पाहारी उपकरणांना ती पुरते, मोटरला नाही. बीओ मोटर मोकळी फिरताना शे-दीडशे मिलिअँपिअर घेते. सुरू होताना किंवा चाक अडकल्यावर हीच मागणी अँपिअरच्या घरात जाते. त्यात एल२९८एन ही जुन्या घडणीची चिप स्वतःच दोनेक व्होल्ट गिळते आणि गरम होते. त्या मानाने टीबी६६१२ ड्रायव्हर फार कमी खातो.

म्हणून पहिल्या गाडीसाठी रिचार्ज होणारे 6 पेन्सिल सेल होल्डरमध्ये घाला. प्रत्येकी 1.2 व्होल्ट धरले तरी 7.2 होतात, ड्रायव्हरचा वाटा गेल्यावर मोटरला पाचेक व्होल्ट मिळतात आणि गाडी नीट चालते. मोटर थेट बोर्डाच्या पिनेला कधीही जोडू नका. उनोच्या एका पिनेतून 20 मिलिअँपिअरपर्यंतच घ्यावेत. 40 ही टोकाची मर्यादा. मोटरला आणि बोर्डाला वेगळी बॅटरी दिलीत, तर दोन्हींच्या ऋण तारा, म्हणजे ग्राउंड, एकमेकांना जोडा. ही एक तार राहिली की ड्रायव्हरला बोर्डाचं बोलणं कळतच नाही.

लिथियमचे 18650 सेल ताकदवान खरे, पण सुरुवातीला त्यांच्या वाटेला जाऊ नका. तारा चुकून एकमेकींना टेकल्या तर आग लागू शकते. घ्यायचेच झाले तर संरक्षक सर्किट आणि त्यांचाच चार्जर घ्या, आणि रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका. या आकाराचा चांगला सेल साधारण 3,500 मिलिअँपिअर-तासांपर्यंत जातो. वेष्टनावर 9,800 छापलं असेल, तर ती निव्वळ थाप आहे.

सगळं एकदम जोडण्याचा मोहही आवरा. आधी एकच मोटर फिरवा, मग दुसरी. सेन्सर वेगळा तपासा: समोर फूटपट्टी ठेवून 20 सेंटिमीटरवर वही धरा आणि संगणकाच्या पडद्यावर 20 च्या आसपास आकडा येतो का बघा. तो बरोबर आला की मगच सेन्सर गाडीवर चढवा. असं केलं की बिघाड कुठे आहे ते लगेच सापडतं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलात, की हा सेन्सर घेऊ की तो, असं होऊन जातं. थांबा. पहिल्या खरेदीत एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. आणि बॅटरी मोजाल तेव्हा गाडी जमिनीवर ठेवून, मोटर चालू असताना मोजा. उभ्या गाडीवरचा आकडा फसवा असतो.