आंब्याचे कोय कलम : पावसाळ्यातील कामे व निगा

आंब्याचे झाड एका पिढीने लावावे आणि पुढील पिढीने त्याची फळे खावीत, असे जुने लोक म्हणत. बाठ्यापासून वाढविलेल्या रायवळ झाडाच्या बाबतीत हे बरेचसे खरे आहे. हापूसचा बाठा रुजविला तरी त्यापासून हापूसच मिळेल असा भरवसा नसतो आणि फळ कसे आहे हे कळण्यास अनेक वर्षे लागतात. कलमाच्या झाडात मात्र मातृवृक्षाचे गुण जसेच्या तसे उतरतात. त्याच्या उणिवाही तशाच उतरतात, हे बागायतदाराने विसरू नये.

मातृवृक्षाची निवड

कलमकाडी कोणत्या झाडाची घ्यावी हे पावसाळ्यात नव्हे, तर फळांच्या हंगामातच ठरवावे. जे झाड निरोगी आहे, सतत काही वर्षे चांगले फळते व ज्याचे फळ जातिवंत आहे, त्या झाडावर रंगाची खूण करून ठेवावी. केवळ हाताशी आहे म्हणून कोणत्याही झाडाची काडी घेतल्यास ती चूक पाच-सहा वर्षांनंतर लक्षात येते. तोवर जमीन, पाणी व श्रम खर्ची पडलेले असतात.

बाठे रुजविणे

आंब्याच्या बाठ्याची उगवणशक्ती लवकर कमी होते. म्हणून रायवळ आंब्याचे ताजे, टपोरे बाठे धुऊन सावलीत सुकवावेत आणि मृगाच्या सुमारास गादीवाफ्यावर लावावेत. पाण्यात तरंगणारे बाठे टाकून द्यावेत. वाफ्यात पाणी साचू देऊ नये.

कलम बांधणे

जुलै व ऑगस्ट हे महिने या कामास उत्तम होत. हवेतील ओलाव्यामुळे काडी सुकत नाही व जोड लवकर सांधतो. रोप दहा ते पंधरा दिवसांचे, तांबूस पानांचे व कोवळ्या खोडाचे असावे. कलमकाडी तीन-चार महिने वयाची, सुमारे १० ते १५ सेंटिमीटर लांबीची, रोपाइतक्याच जाडीची व शेंड्याचा डोळा फुगलेली निवडावी. काडी कापण्यापूर्वी आठ-दहा दिवस तिची पाने देठ राखून छाटावीत.

रोप बाठ्यासह अलगद काढावे. बाठ्यापासून सुमारे ६ सेंटिमीटर उंचीवर त्याचा शेंडा छाटून मधोमध ४ सेंटिमीटर खोल उभा काप घ्यावा. काडीच्या बुडाला तेवढ्याच लांबीची पाचर करून ती कापात बसवावी. दोहोंची साल निदान एका बाजूने तरी अचूक जुळली पाहिजे. नंतर प्लॅस्टिकच्या पट्टीने जोड घट्ट बांधून कलम पिशवीत लावावे. जोड मातीच्या वर राहील असे पाहावे. चाकू धारदार व स्वच्छ असावा. पिशव्या अर्धवट सावलीत, पण मुसळधार पावसापासून सुरक्षित ठेवाव्यात.

पुढील निगा

दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटू लागतो. जोडाखालून येणारी फूट दिसताच खुडावी. ती राहिल्यास मूळ रोप जोमाने वाढते व वरची काडी मरते. बागेत वाढलेली कित्येक ‘हापूस’ झाडे याच हयगयीमुळे रायवळ ठरतात. जोड पक्का झाल्यावर पट्टी सोडावी, अन्यथा ती खोडात रुतते.

पुढील पावसाळ्याच्या आरंभी कलमे कायम जागी लावावीत. खड्डे उन्हाळ्यातच घेऊन ठेवावेत. दोन झाडांत १० मीटर अंतर ठेवण्याची प्रथा आहे. पहिल्या उन्हाळ्यात सावली, पाणी व बुंध्याभोवती गवताचे आच्छादन द्यावे. पहिली तीन वर्षे मोहोर आल्यास खुडून टाकावा; त्यामुळे झाडाची बांधणी भक्कम होते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी फळांच्या हंगामातच शेतकऱ्यांसह गावातील उत्तम झाडे पाहून खुणा कराव्यात आणि जुलैमध्ये एकत्र कलमे बांधण्याचे प्रात्यक्षिक घ्यावे. चाकू चालविण्याचे कसब चार दिवसांत येते. योग्य झाड ओळखण्याची दृष्टी मात्र हंगामभर निरीक्षण केल्यानेच येते.